टाचेमागचा ताण

टाचेची सोनोग्राफी करताना पेशंट पालथा झोपलेला असतो. पावलं टेबलाच्या कडेबाहेर, तोंड उशीत. त्याचा चेहरा मला दिसत नाही आणि माझा स्क्रीन त्याला दिसत नाही. तरीही प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, टेकवून दोन मिनिटं होत नाहीत तोच उशीतून आवाज येतो, "मॅडम, तुटलीय का हो शीर?" नाही म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, "मग पळू ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझं मशीन चांगलं देतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र ते कित्येक वर्षं तयारच नव्हतं. आता थोडं थोडं द्यायला लागलंय, आणि ते कसं देतं हे पेशंटलाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

मी कोल्हापुरात रेडिओलॉजिस्ट आहे. पोटाच्या सोनोग्राफीबरोबर आता सांधे आणि शिरा दाखवायलाही माणसं येतात. रंकाळ्याभोवती पहाटे पळणारे येतात, कबड्डी-व्हॉलीबॉलची पोरं येतात, तालमीतले पैलवान येतात, दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बायका येतात. इथं शीर म्हणजे रक्ताची नव्हे. स्नायू हाडाला जिथं बांधलेला असतो तो पांढरा, चिवट भाग, म्हणजे टेंडन. पोटरीचे दोन मोठे स्नायू एकत्र येऊन टाचेच्या हाडात उतरतात तिथलं अकिलीस टेंडन हे शरीरातलं सगळ्यात जाड आणि सगळ्यात मजबूत. पळताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण त्याच्यावर येतो. आणि टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटीमीटर वर, नेमका जिथं रक्तपुरवठा कमी, तिथंच ते जास्त करून बिघडतं. बोटानं चाचपलं तर दुखऱ्या माणसाच्या त्या जागी गाठ लागते.

साध्या सोनोग्राफीत ही गाठ दिसते. निरोगी टेंडनमध्ये बारीक, समांतर, उजळ रेघा असतात. बिघडलेल्या टेंडनमध्ये त्या रेघा विस्कटतात, मधला भाग काळपट होतो, जाडी वाढते, रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉपलर लावला तर एरवी नसलेल्या बारीक रक्तवाहिन्या लुकलुकतात. हे सगळं रिपोर्टमध्ये लिहिता येतं. अडचण पुढे आहे. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा पळणाऱ्यांच्या टाचेतही असे काळपट भाग सापडतात. उलट, ज्यांचं दुखणं थांबून बरेच दिवस झाले त्यांचं चित्र अजून आधीसारखंच विस्कटलेलं असतं. म्हणजे चित्रावरून दुखणं सांगता येत नाही आणि दुखण्यावरून चित्र सांगता येत नाही. अशा वेळी "पळू ना?" या प्रश्नावर आम्ही डॉक्टर जे बोलतो त्यात अनुभव असतो, अंदाज असतो, माप मात्र नसतं.

माप नसलं तरी स्पर्श होता. आयुर्वेदात वाग्भटानं रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तिन्हींनी करायला सांगितली आहे. आमच्याकडे एक वस्ताद आपल्या पोरांना घेऊन येतात. वय झालेलं, कान कुस्तीनं मुडपलेले, बोटं जाडजूड. एकदा एका तरण्या पैलवानाचा गुडघा दाखवायला आले. पोराच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखत होतं, बैठका मारताना जास्त. मी जेल लावायच्या आधीच वस्तादांनी अंगठा वाटीच्या खालच्या टोकाशी ठेवला, किंचित आत दाबला, मग दुसऱ्या गुडघ्यावर तसाच दाबला आणि म्हणाले, "हितं बघा मॅडम. ह्यो धरलाय. त्यो मोकळा हाय." जिथं त्यांनी अंगठा ठेवला तिथंच, वाटीच्या टोकाला लागून, टेंडन जाड आणि काळपट निघालं. मला त्या अंगठ्याचं फार अप्रूप वाटलं. पण त्या अंगठ्याला एक मर्यादा आहे, आणि ती वस्तादांनाही ठाऊक आहे. सहा आठवड्यांनी तोच अंगठा तिथं ठेवला तर गेल्या वेळेपेक्षा किती मोकळं झालं हे कसं सांगायचं? आणि वस्ताद नसतील त्या दिवशी दुसऱ्या कुणाला ते कसं कळायचं?

दाबून पाहायचं आणि किती दबलं ते मशीननं मोजायचं, ही कल्पना जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ह्यूस्टनला १९९१ साली मांडली आणि तिला इलास्टोग्राफी हे नाव दिलं. ती इतक्या उशिरा का सुचावी, असं वाटू शकतं. कारण नेहमीच्या सोनोग्राफीला कडकपणा दिसतच नाही. आवाजाची लाट ऊतीतून दाबत-सोडत जाते. अशा सगळ्या बाजूंनी येणाऱ्या दाबाला शरीरातल्या मऊ ऊती जवळजवळ सारखाच विरोध करतात, कारण त्या मुख्यतः पाणी आहेत. म्हणूनच यकृत असो की स्नायू, मशीन सरसकट सेकंदाला १५४० मीटर हा एकच वेग धरून चालतं आणि तरी चित्र बरोबर येतं. बोटाला जो कडकपणा जाणवतो तो वेगळा. ऊती आडवी सरकवली, वाकवली, तर ती किती अडते, त्याचा तो कडकपणा. त्यात मात्र मऊ आणि कडक ऊतींमध्ये शेकडो पटींचा फरक असतो. इतका मोठा फरक आणि इतकी वर्षं आमच्या स्क्रीनवर त्याचा मागमूस नव्हता.

सुरुवातीच्या पद्धतीत हातानंच काम होतं. प्रोबनं हलकेच दाबायचं-सोडायचं, आधीच्या आणि नंतरच्या चित्रातला फरक मशीन मोजणार, आणि कमी दबलेलं ते कडक, जास्त दबलेलं ते मऊ, असे रंग भरणार. दिसायला हे फार सुंदर दिसतं. पण यात आकडा मिळत नाही, फक्त शेजारच्या भागाशी तुलना मिळते. शिवाय एका मशीनवर लाल म्हणजे कडक, तर दुसऱ्यावर निळा म्हणजे कडक. पेशंट मोबाइलवर दोन ठिकाणच्या रिपोर्टचे फोटो शेजारी शेजारी ठेवून विचारतात की तिकडे लाल होतं ते इकडे निळं कसं, आणि त्यांचं काहीच चुकत नाही. तरीही या पद्धतीनं टेनिस एल्बोत कोपराच्या बाहेरच्या बाजूचं टेंडन हाडाशी मऊ पडलेलं दाखवून दिलं. टेनिस एल्बो हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला तो २००४ साली, सचिन तेंडुलकरमुळे. २००५ साली लंडनला त्याच्या डाव्या कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि त्या काळात पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला कोपरातली ती जागा पाठ झाली होती. माझ्याकडे त्या दुखण्याला येतात त्यात बॅट धरणारे थोडे. भाकऱ्या थापणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या बायका जास्त, आणि दिवसभर पाना फिरवणारे गॅरेजवाले.

खरा पालट झाला तो दाबायचं कामही मशीनकडे गेल्यावर. यामागचं तत्त्व अर्मेन सार्वाझ्यान आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडलं. प्रोबमधून एका बिंदूवर एकवटलेला जोरकस अल्ट्रासाउंडचा धक्का द्यायचा. त्या धक्क्यानं ऊती जेमतेम काही मायक्रॉन हलते, पेशंटला काहीही कळत नाही. पण त्या हलण्यातून एक आडवी लाट निघते आणि बाजूला पसरत जाते. तिला शिअर वेव्ह म्हणतात. ऊती जितकी कडक तितकी ही लाट वेगानं पळते. तिचा वेग सेकंदाला साधारण एक ते दहा मीटर, ताणलेल्या टेंडनमध्ये त्याहूनही जास्त. म्हणजे एरवीच्या अल्ट्रासाउंडच्या मानानं ती अगदी सावकाश जाते. म्हणूनच तिचा पाठलाग करता येतो. त्यासाठी सेकंदाला हजारो चित्रं घ्यावी लागतात. पॅरिसमध्ये मॅथियास फिंक, मिकाएल तांतेर आणि त्यांच्या गटानं ते करून दाखवलं आणि २००४ साली ती पद्धत सविस्तर मांडली. लाट या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत किती वेळात पोचली एवढं मोजलं की वेग मिळतो. यकृताचं फायब्रोस्कॅन केलेले कितीतरी लोक आपल्या ओळखीत असतात. तिथं धक्का त्वचेवरून दिला जातो, पण पाठलाग याच लाटेचा असतो.

यकृताच्या बाबतीत या आकड्यानं फार मोठं काम केलं. कितीच्या वर गेलं की काळजी करायची हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे, आणि पुष्कळांची सुई घालून तुकडा काढायची तपासणी टळते. मग टेंडनलाही असाच आकडा लावू, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण टेंडन म्हणजे यकृत नव्हे. त्याचे तंतू एकाच दिशेला धावतात. प्रोब तंतूंच्या दिशेनं ठेवला तर लाट वेगानं जाते, आडवा ठेवला तर हळू. मशीन वेगाचं रूपांतर किलोपास्कलमध्ये, म्हणजे कडकपणाच्या एककात, करून देतं तेव्हा ते वेगाचा वर्ग करतं आणि ऊती सगळ्या दिशांना सारखी आहे असं गृहीत धरतं. यकृताला ते चालतं. टेंडनला अजिबात चालत नाही. म्हणून मी टेंडनच्या रिपोर्टमध्ये किलोपास्कल लिहीत नाही, मीटर प्रति सेकंद एवढाच वेग लिहिते.

आणि त्याहून मोठी गोष्ट आहे ताणाची. कोल्हापूरहून मिरज काही लांब नाही. तिथं तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात उभं राहिलं की कळतं, खुंटी जराशी पिळली की तार तीच, जाडी तीच, धातू तोच, आणि सूर मात्र चढलेला. तारेतल्या लाटेचा वेग तारेवरच्या ताणावर ठरतो. टेंडनचंही बरंचसं तसंच आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जॅक मार्टिन, डॅरिल थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली हे थेट माणसांवर दाखवलं. टेंडनवरच्या त्वचेला एक छोटं टकटक करणारं उपकरण आणि दोन चिमुकले संवेदक बांधले, माणसाला चालायला लावलं, आणि टेंडनमधून पळणाऱ्या लाटेच्या वेगावरून त्या त्या क्षणी टेंडन किती ओढलं जातंय ते काढलं. वेगाचा वर्ग ताणाच्या प्रमाणात वाढत होता.

याचा माझ्या टेबलावर काय अर्थ होतो, ते एका प्राथमिक शाळेतल्या बाई आल्या तेव्हाचं सांगते. वय पंचेचाळिशीच्या आसपास, चाळिशीनंतर पळायला लागलेल्या, उजवी टाच सकाळी पहिलं पाऊल टाकताना ठणकायची. पालथं झोपवलं. जेलचा जाड थर घातला, कारण टेंडन त्वचेखाली जेमतेम काही मिलिमीटरवर असतं आणि प्रोबचा भार पडला तरी आकडा वाढतो. प्रोब टेकवला न टेकवला असा धरला. पावलं मोकळी लोंबत होती. चौकटीतला रंग स्थिर व्हायला काही सेकंद लागतात, तोवर हात हलवायचा नाही आणि बोलायचं नाही. आकडा आला. मग मी त्यांना पावलं काटकोनात आणायला सांगितलं, म्हणजे उभं राहिल्यावर असतात तशी. त्याच टाचेत, त्याच जागी, मिनिटभरात आकडा दुपटीच्या वर गेला. "बाई, पाऊल अजून थोडं तुमच्याकडे ओढा," म्हटलं तर मशीनची मोजायची हद्दच संपली आणि सगळी चौकट एका रंगानं भरून गेली. आजार तोच, शीर तीच. बदललं होतं फक्त पाऊल.

म्हणून पाऊल कसं होतं हे न लिहिता नुसता आकडा लिहिला असेल तर तो रिपोर्ट माझ्या मते निरुपयोगी आहे. मी हे कडक शब्दांत लिहिते आहे, कारण असे रिपोर्ट माझ्याकडे येतात आणि त्यांच्या जोरावर माणसाला महिनोन्महिने घरी बसवलेलं असतं. पाय सैल होता की ताठ, किती अंशात, प्रोब तंतूंच्या दिशेनं होता का, टाचेच्या हाडापासून किती सेंटीमीटरवर मोजलं, किती वेळा मोजून मधला आकडा घेतला, दुसऱ्या पायाचा आकडा काय आला, तपासणीच्या आधी माणूस पळून आला होता का. एवढं लिहायला चार ओळी लागतात. या चार ओळी असल्या तरच सहा आठवड्यांनी घेतलेला आकडा आजच्याशेजारी ठेवता येतो.

बाईंचा दुखरा पाय, सैल स्थितीत, चांगल्या पायापेक्षा मऊ निघाला. अकिलीसच्या दुखण्यात बहुतेकदा असंच सापडतं. टेंडनचे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात. बिघडलेल्या जागी जाड, मजबूत कोलॅजनची वीण सैल होते, तिसऱ्या प्रकारचं बारीक कोलॅजन वाढतं, पाणी धरून ठेवणारे घटक वाढतात. सूज म्हणून आपण ज्याला ओळखतो तसल्या दाहाच्या पेशी मात्र तिथं फारशा नसतात. म्हणून नुसत्या सूज उतरवायच्या गोळ्यांनी ही शीर दुरुस्त होत नाही. ऐकायला हे अगदी सोपं वाटतं, की आजारी टेंडन म्हणजे मऊ टेंडन. पण वस्तादांच्या पोराच्या गुडघ्यात उलटं होतं. दुखऱ्या बाजूचं टेंडन चांगल्या बाजूपेक्षा कडक आलं, अंगठ्यानं सांगितलं तसं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ साली नेमकं हेच छापलं होतं, की अकिलीसच्या दुखण्यात टेंडन मऊ होतं आणि गुडघ्याच्या वाटीखालचं दुखलं तर कडक होतं. दोन्ही एकाच शरीरातली टेंडन, दोन्ही ताणानंच बिघडलेली, आणि बदल विरुद्ध दिशांना. ज्यानं मऊ म्हणजे वाईट असं पाठ केलं असेल तो त्या पोराला "उत्तम आहे, लाग बैठकांना" म्हणून परत पाठवेल. म्हणून टेंडनसाठी सरसकट एक आकडा, याच्या खाली आजार आणि याच्या वर तब्येत, असा अजून ठरलेला नाही. तो ठरवायची घाई कुणी करू नये असं मला वाटतं.

मग या तपासणीचा उपयोग काय? माझ्या मते माणसाची तुलना त्याच्या स्वतःशी करायला. डाव्याची उजव्याशी, आजची पुढच्या भेटीशी. दुखणं आणि बळ यांचं वेळापत्रक एक नसतं, आणि यातलं दुखणं तेवढं पेशंटला कळतं. अकिलीस पूर्ण तुटून शस्त्रक्रियेनं शिवलेल्या लोकांमध्ये १२, २४ आणि ४८ आठवड्यांनी मोजलं तेव्हा शिरेचा कडकपणा दर वेळी वाढत गेलेला दिसला. बाराव्या आठवड्याला माणूस चालत असतो, कामावर गेलेला असतो, शेजाऱ्यांना "झालो बरा" म्हणून सांगत असतो. आत मात्र काम चालूच असतं आणि ते वर्षभर चालतं. याच काळात, दुखत नाही म्हणून जोरात पळायला गेलेली माणसं पुन्हा माझ्या टेबलावर येतात. त्यांना दोन आकडे शेजारी ठेवून दाखवले की एरवी तासभर समजावून जे पटत नाही ते पटतं.

टेंडन इतकं सावकाश का बरं होतं याचा विचार करताना मला डेन्मार्कमधला एक अभ्यास नेहमी आठवतो. १९५५ ते १९६३ या वर्षांत अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, खूप वाढला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. तो झाडांमधून, अन्नातून माणसांच्या शरीरात गेला. जी ऊती सतत नवी होत राहते तिच्यात आजच्या हवेतलं प्रमाण सापडतं. जी एकदाच घडते तिच्यात ती घडली त्या वर्षांतलं. कोपनहेगनच्या संशोधकांनी निधन पावलेल्या माणसांच्या अकिलीस टेंडनचा गाभा तपासला आणि २०१३ साली निष्कर्ष छापला. गाभ्यातला कार्बन त्या माणसांच्या लहानपणातला होता. आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत हा गाभा घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. स्नायू मात्र नवे होत राहिलेले होते. हे वाचल्यापासून पंचेचाळिशीच्या माणसाच्या टाचेवर प्रोब ठेवताना मला जाणवत राहतं की हा शाळकरी वयातला गाभा आहे. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही रोज डोंगर उतरून शाळेत यायचो, तेव्हाची का ही?" हो, तेव्हाचीच. आणि म्हणूनच ती पंधरा दिवसांत दुरुस्त करून मागायची नाही.

लोक मागतात मात्र तसंच. "एखादं इंजेक्शन देऊन टाका म्हणावं डॉक्टरांना." स्टेरॉइडच्या इंजेक्शननं टेनिस एल्बोत काही आठवडे छान वाटतं, आणि वर्षभरानं पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेले जास्त चांगले असतात, असं नीट केलेल्या चाचण्यांत दिसलंय. ज्या टेंडनला वेळ आणि भार लागतो त्याचं दुखणं तेवढं गप्प करायचं, हे मला पटत नाही. भार म्हणजे काय, याचं उत्तम उदाहरण स्वीडनच्या उमेओ शहरातले हाडांचे डॉक्टर हॉकान आल्फ्रेडसन. त्यांची स्वतःचीच टाच दुखत होती. शस्त्रक्रिया करून द्यायला वरिष्ठ तयार नव्हते, तेव्हा दुखणं वाढवून शस्त्रक्रिया पदरात पाडून घ्यावी म्हणून त्यांनी पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम दुखतदुखत चालू ठेवला, आणि टाच बरी झाली, असं ते सांगतात. मग त्यांनी तो व्यायाम नीट बसवला आणि १९९८ साली छापला. गुडघा सरळ ठेवून पंधरा-पंधराचे तीन हप्ते, गुडघा वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. पायरी कुणाच्याही घरी असते. बारा आठवडे चिकाटी ठेवणं तेवढं अवघड.

ती चिकाटी टिकवायला हा आकडा कामी येतो, असा माझा अनुभव आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कंटाळा येतो, दुखणं थोडं उरलेलं असतं, आणि घरचे म्हणायला लागतात की काय रोज पायरीवर उभी राहतेस. अशा वेळी तपासणीला आलं आणि दुखरा पाय चांगल्या पायाच्या थोडा जवळ सरकलेला दिसला, तर माणूस पुढचे सहा आठवडे नेटानं काढतो. बाईंनी काढले. अजून पुष्कळ अंतर बाकी आहे, पण त्यांनी स्वतःच विचारलं की दोन तपासण्यांच्या मध्ये किती दिवस असायला हवेत. हा प्रश्न विचारणारी माणसं मला फार आवडतात.

एक अडचण आपल्या देशापुरती आहे. परदेशात फिजिओथेरपिस्ट आणि संघांचे डॉक्टर छोटं मशीन मैदानावरच घेऊन जातात. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी लागते, मग ते आयुष्यभर फक्त घोटेच का बघेना. माझ्या खोलीतही पोरांच्या गुडघ्यांवर जेल लावते त्या टेबलासमोर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा फलक आहे. महाराष्ट्रानं या बाबतीत देशाच्या आधी, १९८८ साली कायदा केला, आणि मुली वाचवायला तो हवाच होता, आजही हवा आहे. त्याची तक्रार मी करणार नाही. पण त्यामुळे मशीन तालमीत जाऊ शकत नाही, तालीमच मशीनपाशी यावी लागते.

आणि ती यायला हवी. कारण निरोगी टेंडनचे जे आकडे आम्ही वाचतो ते बहुतेक युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या लोकांचे, त्यातही पळणाऱ्यांचे आणि व्हॉलीबॉल-बास्केटबॉल खेळणाऱ्यांचे. पहाटे उठून शेकड्यांनी बैठका मारणाऱ्या, सपाटे घालणाऱ्या, लाल मातीत अनवाणी लढणाऱ्या पोराच्या गुडघ्याखालचं निरोगी टेंडन किती कडक असतं? त्याला काही झाल्यावर मी त्याची तुलना कशाशी करायची? दोन्ही गुडघे दुखत असतील तर चांगला पाय तरी कुठला धरायचा? दुखायच्या आधीचा त्याचा स्वतःचा आकडा हाताशी असेल तरच याचं उत्तर आहे.

वस्तादांशी मी हे बोलले. त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग विचारलं, "पोरांची मेहनत बुडायची न्हाई न्हवं?" नाही बुडणार, म्हटलं, उलट मेहनतीच्या आधीच यायचंय, मेहनतीनंतर आकडा बदलतो. जत्रांचा हंगाम पाऊस सुरू झाला की संपतो, मैदानं बंद असतात, तेव्हा पोरांना चार-चारच्या गटानं पाठवायचं असं ठरलंय. दुखणारी, न दुखणारी, सगळी. गुडघ्याखाली एकाच मापाची उशी घालायची, गुडघा तीस अंशात ठेवायचा, दोन्ही बाजू मोजायच्या. आणि वस्तादांनी त्यांच्या बाजूनं एक अट घातलीय. प्रत्येक पोराला मी हात लावायच्या आधी ते अंगठा ठेवून सांगणार, कोण धरलाय आणि कोण मोकळा, आणि ते वहीत वेगळं लिहायचं. ती वही मी आणून ठेवलीय.